म्हणूनच इचारायचं व्हतं

आक्का, तुम्हाला नक्की काय झालं होतं, हे मला भेटेल तो विचारतो आहे. वेल्ह्याच्या स्टँडवर विचारतात, बाजारात भाजी घेताना विचारतात. परवा भोरहून येणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली, आधी तुमच्यासाठी डोळे पुसले आणि मग अगदी कानाशी येऊन म्हणाली, "म्हंजी गाठच व्हती ना?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"म्हंजी म्हाईत हाय, पर सांगायचं न्हाई."

"हो. तसंच."

ती खिडकीकडे तोंड करून बसली ती उतरेपर्यंत बोलली नाही. तुम्ही तिथं असतात तर तिचीच बाजू घेतली असती, हे मला ठाऊक आहे. आजार लपवणाऱ्या माणसाचा तुम्हाला राग यायचा. उपकेंद्रात नर्स होतात तेव्हापासूनची तुमची सवय, रस्त्यावरूनच बांधावरच्या बाईला हाळी द्यायची, "गोळ्या घेतल्या का गं? का दिल्या टाकून?" सगळं शिवार ऐकायचं. त्या बाईला त्यात काही वाटायचं नाही आणि तुम्हाला तर नाहीच. आपलं पहिलं भांडण त्यावरूनच झालं आणि ते मिटलं असं मी आजही म्हणणार नाही.

मी तुमच्याकडे आले ती तुमच्या मर्जीनं नव्हे. तुम्ही निवृत्त झाल्यावर तोरण्याखालच्या वाड्यांमधली आजारी माणसं जीपमध्ये घालून भोरला आणि पुण्याला न्यायला लागलात, त्याची पुढं संस्था झाली. मग पुण्याच्या हॉस्पिटलनं कळवलं की माहिती संरक्षणाचे नवे नियम आलेत, पेशंटची माहिती नीट सांभाळणाऱ्या संस्थांबरोबरच आम्ही काम करणार. कुणीतरी माझं नाव सुचवलं. शिवऱ्याला हायवेच्या कडेला माझं दोन खुर्च्यांचं ऑफिस. लोकांची माहिती कशी घ्यायची, कुणाला दाखवायची, कधी पुसून टाकायची, हे पतसंस्थांना, शाळांना, दवाखान्यांना शिकवायचं, हा माझा धंदा.

तुम्ही मला खालपासून वरपर्यंत बघितलंत. "तू नक्की कुणाची माणूस? सरकारची का हास्पिटलची?"

"तुमचीच. तुम्ही बोलावलंय."

"म्या कुठं बोलावलंय? त्यांनी बोलवाया लावलंय."

मी विचारलं, पेशंटची माहिती कुठं असते? तुम्ही मोबाईल पुढे केलात. त्यात एक ग्रुप होता. एकेक फोटो सरकवत गेले. आधार कार्डं, रक्ताचे रिपोर्ट, कुणाची उघडी पाठ, कुणाच्या पायावरची जखम, एका पोरीचा तर सोनोग्राफीचा कागद, नावगावासकट. ग्रुपमध्ये तुम्ही, जीप चालवणारे सोपानदादा, हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी आणि वसंतराव. वसंतराव म्हणजे तुमच्या मालकांचे लहानपणापासूनचे मित्र. बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. दुकानामागची खोली त्यांनी संस्थेला वापरायला दिलेली, आणि दर भाऊबीजेला तुम्ही त्यांना ओवाळायचात.

"हे सगळं कोण कोण बघतं?" मी विचारलं.

"आपलीच माणसं."

"पण पेशंटला विचारलंय का, की या चौघांनी बघितलेलं चालेल का?"

तुम्ही हसलात. "आगं, वाडीत कुणाला काय झालंय ते कुत्र्यालाबी म्हाईत असतंय. त्यात झाकायचं काय?"

मी म्हटलं, वाडीला कळणं वेगळं आणि मोबाईलमधून कुठंही जाणं वेगळं. तुम्ही पुन्हा हसलात आणि चहा टाकायला उठलात. त्या दिवशी तुम्ही मला शहाणी समजत नव्हतात आणि मीही तुम्हाला मनातून अडाणी म्हणत होते. दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

मग एका पेशंटच्या बायकोनं, ठकूबाईनं, आपली जीप अडवली. धनगरवाड्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळ्या संपतात तिथं, ती रस्त्यात मधोमध उभी होती. एरवी तुम्हाला बघून ती घरात चहाचं आधण ठेवायला पळायची. त्या दिवशी हलली नाही.

"वर येऊ नगा, आक्का."

"का गं? मालकाचं काय बिघडलं का?"

"तुमी आमाला इकलं."

तुम्हाला कळेना. मलाही कळेना. मग तिनं सांगितलं. आदल्या दिवशी पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला होता. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात, त्याला पुण्याला डायलिसिसला न्यायचंय, कुठल्या वारी न्यायचंय, हे सगळं त्याला पाठ होतं. वर म्हणाला, दवाखान्याचा खर्च पेलवणार नाही, ती उतारावरची जमीन आम्हाला द्या, आजच बोलून टाकू. त्यानं तिच्या नवऱ्यासमोरच सांगितलं. नवऱ्याला तोवर दोन्ही किडन्या गेल्यात हे ठाऊक नव्हतं. तिनं त्याला सांगितलं नव्हतं. तिनं ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

"म्या भावाला सांगितलं न्हाई, सासूला सांगितलं न्हाई. तुमाला सांगितलं," ठकूबाई म्हणाली. "आता त्यो भिताडाकडं तोंड करून पडलाय. जेवत न्हाई."

तुम्ही जीपमधून उतरलात, तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलात. ती मागं सरकली. तुमचा हात तसाच राहिला, आक्का. मी तुम्हाला पुढंही वाईट वाटलेलं बघितलं, पण तो हात विसरत नाही.

आपण परत निघालो. पासली गावाच्या अलीकडे मीच तोंड उघडलं. म्हटलं, ही माहिती आपल्यातल्याच कुणाकडून गेली.

"माझी माणसं असलं करनार न्हाईत. हास्पिटलवाल्यांचं काम असंल."

"असेल. पण मला प्रत्येकावर संशय घ्यावा लागेल. तुमच्यावरसुद्धा."

सोपानदादांनी गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं, आता तुम्ही मला इथंच उतरवणार. तुम्ही मोबाईल माझ्या मांडीवर टाकलात.

"घे. आधी माझ्यावरच घे. मला सोडलीस तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं इचारशील?" आणि मग माझ्याकडे वळून, "आन तुझ्यावर कुणी घ्यायचा?"

मी मोबाईल उघडून ग्रुप वाचायला लागले. तो प्रश्न तुम्ही पुन्हा विचारला नाहीत.

पुढचे दिवस वाईट गेले. संशय एकदा घरात आला की माणसाचं साधं वागणंही वेगळं दिसायला लागतं. सोपानदादा फोन घेऊन जीपमागे गेले की मी कान टवकारायची. एकदा विचारलं तर म्हणाले, "बायकोचा व्हता. तिचं नाव दाखवू का?" आणि खरंच मोबाईल पुढे धरला. मला ओशाळल्यासारखं झालं, तरी मी नाव वाचलं. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आलात. काउंटरवरच्या मुलीला मी कडक शब्दांत विचारलं, तर तिनं माझे फोन उचलणं बंद केलं. वसंतरावांना मात्र विचारताना मी खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी चहा मागवला, म्हणाले, "बरं झालं तुमी छडा लावताय. असल्या मानसाला फोडून काढला पायजे."

तुम्ही तेव्हा शांत होतात. फारच शांत. एका दुपारी मला घरी बोलावलंत, दार लोटून घेतलंत आणि तुमच्या तब्येतीची एक गोष्ट सांगितलीत. मी घाबरले. म्हटलं, उद्याच पुण्याला जाऊ. "बघू," म्हणालात. "पर कुणाला बोलायचं न्हाई." मी कुणाला बोलले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुकानामागच्या खोलीत आपण दोघी बसलो असताना तुमचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तुम्ही तो मोठ्या आवाजावर ठेवलात. पलीकडून एक तरणा, गोड आवाज.

"आक्का, नमस्कार. तुमच्या तब्येतीचं कळलं, लई वाईट वाटलं बगा."

"कुटनं कळलं रं बाळा?"

"आपलीच माणसं असत्यात की. आता किमोला लई खर्च येतो. तुमची ती रस्त्याकडंची जमीन पडूनच हाय न्हवं? आपण काहीतरी मार्ग काढू."

"व्हय का? आन गाठ कुटं हाय म्हनून सांगितलं तुला?"

तो जरा अडखळला. "डाव्या बाजूला ना?"

तुम्ही फोन बंद केलात आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलंत. मला वाटलं तुम्ही रडताय. तुम्ही रडत नव्हतात. मग हळूहळू सांगितलंत. सोपानदादांना तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं होतं. काउंटरवरच्या मुलीला साखरेचं. आणि डाव्या बाजूच्या गाठीचं फक्त वसंतरावांना.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुलाबी येक सांगितलं. तुझ्यावर दुसरं कोन संशय घेनार व्हतं?"

मला आधी राग आला. मग हायसं वाटलं, की मी सुटले, आणि मला सांगितलेला तो भयंकर आजारही खोटा निघाला. मी हसलेसुद्धा. तुम्ही हसला नाहीत. मी ते बघितलं, पण त्याचा अर्थ वसंतरावांशी लावला.

आपण पुढच्या बाजूला दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. वसंतराव साखळदंड वजन करून ठेवत होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत.

"वसंतराव, मला गाठ न्हाई."

त्यांच्या हातातली साखळी काट्यावरच राहिली. ते तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते, जणू हे मी केलं होतं. मग खाली बसले.

"म्या कुणाचं वाईट केलं सांगा," ते म्हणाले. "आजारपण आलं की जमीन इकावीच लागती मानसाला. कुणातरी हलकटाला मातीमोल देनार. त्यापरीस ह्यो पोरगा वळखीचा हाय, बरा भाव देतो. म्या नुसती गाठ घालून दिली."

"फुकट?" मी विचारलं. तुम्ही मला हातानं थांबवलंत. आक्का, ते विचारू द्यायला हवं होतं. तुम्हाला उत्तर नको होतं, एवढंच मला कळलं.

"तुमी मला इचारायचं व्हतं," तुम्ही म्हणालात.

"तुमी न्हाई म्हनला असता."

"म्हणूनच इचारायचं व्हतं."

मी या कामासाठी किती तास भाषणं दिलीत. पडद्यावर चित्रं दाखवून संमती म्हणजे काय ते समजावलंय. पतसंस्थेचे लोक जांभया देत ऐकतात. आता कुठंही बोलायला उभी राहिले की तुमचं ते दुकानातलं वाक्य आधी सांगते. कुणाचं नाव घेत नाही.

त्यापुढचं भांडण मोठं होतं. मी म्हटलं, ज्यांची ज्यांची माहिती त्या ग्रुपमध्ये होती त्या सगळ्यांना हे सांगावं लागेल. नियमच आहे. तुम्ही भडकलात. "शिवऱ्याला खुर्चीत बसून नियम सांगायला काय जातंय? सांगितलं तर लोक यायचे बंद व्हतील. मरतील वर वाड्यांत. तू येशील का आनायला?"

"आणि न सांगता त्यांच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली तर?"

"म्या ग्रुप पुसून टाकते. सगळं जाळून टाकते."

"औषधपाण्याचे कागद जाळलेत तर उपचार कशावर करणार? जे लागतं तेवढं ठेवायचं, बाकीचं काढायचं. आणि लोकांना सांगायचं."

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन, "गाडी निघती. येनार असशील तर ये."

तुम्ही वाडीवाडीला गेलात आणि प्रत्येक उंबऱ्यात उभ्या राहून तेच सांगितलंत. तुझी माहिती म्या घेतली व्हती. ती माझ्याकडनं भायेर गेली. जमिनीसाठी कुणी आलं तर त्याला ती आमच्याकडनंच मिळाली, हे ध्यानात ठेव. लोक विचारायचे, कुणी दिली? तुम्ही म्हणायचात, "माझ्याकडनं गेली." परतीच्या वाटेवर मी म्हटलं, वसंतरावांचं नाव सांगायला हवं. लोकांनी कुणापासून जपून राहायचं ते त्यांना कळायला नको का?

"नाव सांगितलं की लोक त्यालाच धरतील आन मला सोडतील. माहिती लोकांनी माझ्याकडं दिलती."

मला ते तेव्हा पटलं नाही. आज अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्याचं काय करू? वसंतरावांच्या दुकानात आजही माणसं बसतात, घरातलं बोलतात. ते कान देऊन ऐकतात. मी बाहेरून जाताना बघते आणि मला वाटतं, तुम्ही त्यांना वाचवलंत. तुम्ही स्वतःवर घेतलंत ते जबाबदारी म्हणून, की भाऊबीजेखातर, हे मला अजून ठरवता येत नाही.

काही लोक खरंच यायचे बंद झाले. ठकूबाई नवऱ्याला घेऊन एसटीनं जायला लागली, पहाटे निघून, तासन्‌तास त्याला मांडीवर टेकवून. तुम्ही स्टँडवर लांबून बघायचात, जवळ जायचा नाहीत. पुढं एक दिवस तिनंच जीपला हात केला. बसताना म्हणाली, "फोन पिशवीत घाला आक्का. मला दिसंल आशी पिशवी ठिवा." तुम्ही घातलात. त्यानंतर ती प्रत्येक वेळी बसली आणि प्रत्येक वेळी आधी पिशवीकडे बघितलं. पूर्वीसारखी ती तुमच्याशी कधी बोलली नाही. खोलीही आपण वसंतरावांकडून हलवली. नवा माणूस आला की तुम्ही त्याला समोर बसवून सांगायचात, हा कागद कशाला घेते, कोण बघणार, काम झाल्यावर काय करणार, आणि तुझं मन फिरलं तर मला नुसतं सांग. वाक्यं मी लिहून दिली होती. तुम्ही ती तुमच्या तोंडात बसवून घेतलीत.

आणि मग पुण्याहून तुमच्या मुलीचा, सुरेखाचा फोन आला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ती मला भेटली. तिनं आजाराचं नाव सांगितलं. दार लोटून तुम्ही मला सांगितला होता, तोच. तुम्हाला तो तेव्हाही होता, सुरेखा म्हणाली. त्याच्याही आधीपासून होता.

सगळ्यांना खोटं सांगितलंत आणि मला खरं. मी तेही गळाला लावलेलं आमिष समजले. पुन्हा एकदाही विचारलं नाही. तुम्ही खाटेवर पडून होतात, बोलायचं बळ नव्हतं, मी तुमचा हात धरून नुसती बसले. का सांगितलंत मला? विश्वास होता म्हणून? की सापळ्यात खरी गोष्ट टाकली तर ती कुठं जाते हे बघायचं होतं? माझं कामच असं आहे, आक्का, की मायेकडेही मला दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. पण हात धरला होता तेव्हा तुम्ही बोटं घट्ट केली होतीत, तेवढं मी एका बाजूनंच बघणार आहे.

दहाव्याला वसंतराव आले होते. रडले, खरंच रडले. सगळे पांगल्यावर सुरेखाला म्हणाले, "तुझ्या आईचा मोबाईल जरा देतीस का? जुनं फोटू हायत." तिनं माझ्याकडे बघितलं. तुम्ही तिला सांगून ठेवलं होतं म्हणे, फोन माझ्या हातात द्यायचा. मी म्हटलं, "फोटो कुठले ते सांगा, सुरेखा काढून पाठवेल."

त्यांनी मला बाजूला घेतलं. त्या दुपारच्या उन्हात ते एकदम म्हातारे दिसले.

"फोटू न्हाई. म्या तिला माफीचा निरोप टाकलाय. ती दवाखान्यात असताना. तिनं वाचला का, तेवढंच बगायचंय."

"तुमच्या फोनवर कळत नाही?"

"न्हाई कळत. तिनं ते निळ्या खुणांचं बंद केलतं. तुमीच शिकवलं असंल."

मीच शिकवलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. खरं होतं की नाही कोण जाणे. तुमच्या फोनमध्ये अजून कितीतरी जणांचे नंबर होते, आजारपणं होती, घरं होती. माफीचा निरोप असेलही. दुसरंही काही हवं असेल. मी त्यांना नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग तुमी बगून सांगा. वाचला का न्हाई, येवढंच." मी त्यालाही नाही म्हटलं. तो निरोप तुमच्या नावानं आला होता, माझ्या नाही.

काल सुरेखानं तुमचे घरचे फोटो स्वतः उतरवून घेतले. चालू पेशंटचे कागद सोपानदादांच्या समोर नव्या खोलीतल्या कपाटात ठेवले आणि किल्ली त्यांच्याकडे दिली. मग फोन माझ्याकडे आला. सगळं पुसायचं बटण दाबण्याआधी मी थोडा वेळ तो नुसता हातात धरून बसले. उघडून बघायला एक क्षण पुरला असता. सुरेखा आत चहा करत होती, बघणारं कुणी नव्हतं.

मी पुसून टाकलं. वसंतरावांना दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वाचूनच पुसलंय आणि आता खोटं बोलतेय. मी दुकानातून बाहेर पडले.

पण आक्का, वाचला होतात का हो तुम्ही?